आम्ही आपल्याला एक्स्पेक्टोरेट करतो

इंग्रजीचं एक गुपित सांगतो. ते कुठल्याच शाळेत शिकवत नाहीत. लोक म्हणतात, इंग्रजीत आदर नाही. पोराला 'यू', बापाला 'यू', साहेबाला 'यू' आणि साहेबाच्या कुत्र्यालाही 'यू'! साफ चूक! इंग्रजीत आदर आहे. फक्त तो शेपटीला लावलेला असतो. शब्दाला जितकी लांब शेपूट, तितका मान मोठा. आपल्यासारखी माणसं एखादी वस्तू 'यूज' करतात, साहेब मंडळी ती 'युटिलाइज' करतात. आपण 'मेडिसिन' घेतो, मोठ्या माणसांचं 'मेडिकेशन' चालू असतं. आपल्या मालाचा ट्रान्सपोर्ट होतो, मंत्र्यांचं ट्रान्सपोर्टेशन होतं. आहे की नाही?

हा सिद्धांत माझा स्वतःचा. याच सिद्धांताच्या जोरावर मी आमच्या पायपुसण्यांच्या कारखान्यातला सगळा इंग्रजी पत्रव्यवहार सांभाळत होतो. अख्खा कारखाना मला 'डिक्शनरी' म्हणायचा. ते कितपत खरं, हे पुढे कळेलच.

तर झालं काय, आमच्या कारखान्याचे दिवस बरे नव्हते. निम्मे माग बंद पडून होते. विणकर आळीपाळीने कामावर यायचे आणि उरलेल्या दिवशी फाटकाबाहेरच्या कट्ट्यावर बसून आत कोण चाललंय ते बघायचे. अशात एक दिवस मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. चेहरा नुकत्याच झाडलेल्या पायपुसण्यासारखा स्वच्छ आणि टवटवीत!

"डिक्शनरी, परदेशातून एक बाई येतायत. पंधरवड्यात. त्यांची गावोगावी दुकानं आहेत. ऑर्डर मिळाली तर बंद माग चालू. नाही मिळाली तर..."

"तर चालू माग बंद," मी म्हणालो.

"अपशकुनी बोलू नका! स्वागत असं झालं पाहिजे की बाई जन्मभर विसरणार नाही. पत्र तुम्ही लिहा. फाटकावरचा फलक तुम्ही लिहा. आणि नमुन्याच्या पायपुसण्यावर छापायची ओळही तुम्हीच द्या. ते 'वेलकम' आता जुनं झालं. दारोदार तेच!"

"साहेब, निश्चिंत राहा," मी म्हणालो. आयुष्यात हे दोन शब्द मी जेव्हा जेव्हा उच्चारले, तेव्हा तेव्हा समोरच्याची झोप उडालेली आहे.

मला लिहायचं होतं, 'आम्ही आपली वाट पाहतोय'. 'वुई एक्स्पेक्ट यू' लिहिलं. वाचलं. छे! 'एक्स्पेक्ट' फारच बारकं दिसत होतं. दूधवाल्याची वाट पाहावी तसं. इतक्या लांबून येणाऱ्या बाईसाठी काहीतरी भरगच्च हवं. शब्दकोश उघडला. 'एक्स्पेक्ट' सापडला आणि त्याच्या जरा खाली, त्याच पानावर, जणू माझीच वाट पाहत उभा असलेला एक राजबिंडा शब्द दिसला. एक्स्पेक्टोरेट! काय ती शेपूट! अर्थ मी वाचला नाही. अर्थ नवशिक्यांनी वाचायचे. शब्दाच्या चेहऱ्यावरूनच कळत होतं की हा घरंदाज आहे.

घरी गेलो तो शब्द घोळवतच. जेवताना मला खोकला आला आणि बायकोने फडताळातून औषधाची बाटली काढली.

"अहो, तुम्ही मघापासून जे पुटपुटताय ना, तसंच काहीतरी या बाटलीवर लिहिलंय."

बघतो तर खरंच! 'कफ एक्स्पेक्टोरंट'!

"बघ!" मी उडालोच. "औषध कंपनीवालेसुद्धा गिऱ्हाइकाला किती मान देतात! कफ एक्स्पेक्टोरंट, म्हणजे खोकल्याची आदराने वाट पाहणारा!"

"खोकल्याची कोण वाट पाहतं?"

"औषधवाला! खोकला आला नाही तर त्याचं दुकान कसं चालणार?"

"मला तर दुकानदाराने सांगितलं, छातीतला कफ बाहेर काढायचं औषध आहे म्हणून."

"अगं, तो दुकानदार! त्याचा इंग्रजीशी काय संबंध?"

बायकोने माझ्याकडे बघितलं, चमचाभर औषध माझ्या तोंडात ओतलं आणि विषय संपवला. तेव्हाच मी ऐकलं असतं तर आज ही गोष्ट सांगायला माझ्याकडे काही उरलंच नसतं!

दुसऱ्या दिवशी ईमेलने पत्र पाठवलं. त्याचा मराठी मतलब असा: 'आदरणीय बाईसाहेब, आपण आलात की आमचा सगळा कर्मचारी वर्ग फाटकावर रांगेत उभा राहून आपल्याला एक्स्पेक्टोरेट करील. सुरुवात मालक स्वतः करतील. त्यानंतर बाकीचे, हुद्द्याप्रमाणे.'

मला वाटलं, उत्तर तासाभरात येईल. दोन दिवस काहीच नाही. मग आलं. फार नम्र पत्र! 'आपल्या पद्धतींबद्दल मला मनापासून आदर आहे. हे करणं अगदी आवश्यकच आहे का? हा कार्यक्रम उघड्यावर असेल का? आणि उलट मीही आपल्याला एक्स्पेक्टोरेट करायचं असतं का? माझ्याकडून चुकून अपमान व्हायला नको.'

मी पत्र घेऊन मालकांकडे धावलो.

"साहेब, बाई विचारतायत, मीसुद्धा तुमची वाट पाहू का म्हणून! केवढा विनय!"

मालकांचे डोळे पाणावले. "लिहा, लिहा! हो म्हणून लिहा!"

मी लिहिलं, 'अवश्य! आपल्यासारख्या थोर व्यक्तीने आम्हाला एक्स्पेक्टोरेट करावं, हे आमचं कित्येक वर्षांचं स्वप्न आहे. आमच्या मालकांना तर अश्रू आवरेनात.'

यावर उत्तर आलं नाही. बाईही भारावल्या असणार, असं मी धरून चाललो.

मग काय, कारखाना कामाला लागला! फाटकावर फलक चढला, माझ्या उंचीएवढ्या अक्षरांत: 'वुई एक्स्पेक्टोरेट यू फ्रॉम द बॉटम ऑफ अवर हार्ट'. मागांचे प्रमुख, ज्यांना आम्ही सगळे मास्तर म्हणतो, त्यांनी स्वतः उभं राहून दाट काथ्याचं खास पायपुसणं विणून घेतलं आणि त्यावर काळ्या रंगात छापलं: 'वुई एक्स्पेक्टोरेट यू'. सकाळच्या पाळीला मी सगळ्यांकडून शब्द म्हणून घेतला. विणकरांची जीभ पहिल्या दिवशी अडखळली, पण दुसऱ्या दिवशी असा काही एकसुरात गजर झाला की कट्ट्यावरची कबुतरं उडाली.

एकटा वॉचमन तेवढा नाराज. त्याला सगळे 'शिट्टी' म्हणतात. कारण आमच्या मालकांना थुंकण्याचा भयंकर तिटकारा! जिन्यावर, भिंतींवर, झाडांवर, जिथे जागा सापडेल तिथे 'येथे थुंकू नये'च्या पाट्या. आणि कुणी थुंकताना दिसला की जोरात शिट्टी मारायची, हे वॉचमनचं मुख्य काम. शिट्टीचं म्हणणं एवढंच, "एवढ्या लांबलचक शब्दात माझं काम कुठे बसतं, ते सांगा."

"तू फक्त उभा राहा आणि सलाम कर," मी म्हणालो.

बाई आल्या तो दिवस लख्ख उन्हाचा होता. आभाळात ढगाचा ठिपका नाही. आम्ही हुद्द्याप्रमाणे रांगेत. पुढे मालक, नवा कोट, हातात फुलांचा गुच्छ. त्यांच्यामागे मी, माझ्यामागे मास्तर, मग विणकर, आणि फाटकाशी शिट्टी. गाडी थांबली. दार उघडलं. बाई उतरल्या आणि आम्ही बघतच राहिलो.

बाईंनी पायघोळ रेनकोट घातला होता! डोक्याला घट्ट रुमाल. डोळ्यांवर अर्धा चेहरा झाकणारा भलामोठा चष्मा. पायांत गमबूट!

"पाऊस सांगितलाय का आज?" मालक कुजबुजले.

"त्यांच्याकडे पडत असेल, साहेब. घाईत निघाल्या असतील."

बाई ठाम पावलं टाकत आल्या, आमच्या खास पायपुसण्यावर उभ्या राहिल्या, डोळे गच्च मिटले, मुठी आवळल्या आणि इंजेक्शन घ्यायला बसलेल्या मुलासारख्या ताठ झाल्या. आम्ही वाट बघतोय. बाई वाट बघतायत. कुणीच काही करेना. शेवटी बाईंनी चष्म्याआडून एक डोळा उघडला. मालकांनी गुच्छ पुढे केला आणि म्हणाले, "प्लीज!"

त्या 'प्लीज'ने घात केला! बाईंना वाटलं, पहिला मान पाहुण्यांचा. त्यांनी गुच्छ घेतला, मान डोलावली, जरा बाजूला झुकल्या, घसा साफ केला आणि अगदी नाजूकपणे, एखाद्याने पत्रावर तिकीट चिकटवावं तशा हलकेच...

"थू!"

थेंब बरोबर 'यू'वर पडला.

फाटकाशी शिट्टीचा हात सवयीने वर गेला. फुर्रर्र! शिट्टी वाजली. मग आपण कुणावर वाजवली हे लक्षात येऊन बिचाऱ्याने ती तोंडातून काढून खिशात लपवली आणि तोच पुरावा असल्यासारखा खिसा दाबून धरला. बाईंना वाटलं, शिट्टी म्हणजे शाबासकी. त्या हसल्या.

मालक माझ्याकडे वळले. चेहऱ्यावर सगळे रंग येऊन गेले होते, आता एकही शिल्लक नव्हता.

"डिक्शनरी! हे काय?"

आता सांगा, अशा वेळी 'मला माहीत नाही' म्हणणारा माणूस डिक्शनरी कसला?

"साहेब, त्यांच्याकडची रीत आहे," मी ठामपणे म्हणालो. "मान द्यायच्या जगात नाना तऱ्हा असतात. कुणी वाकतं, कुणी गालाला गाल लावतं."

"मग आता आपण?"

"आपण उत्तर दिलं नाही तर अपमान होईल, साहेब. ऑर्डर..."

ऑर्डर म्हटल्यावर मालकांनी डोळे मिटले. ज्या माणसाने आयुष्यात चूळ भरतानासुद्धा आवाज केला नाही, त्याने ओठांचा चंबू केला. "फ्... फ्..." काही येईना! भीतीने तोंडाला पूर्ण कोरड पडलेली.

"पाणी आणा!" ते ओरडले.

पाणी आलं. मालकांनी घोट घेतला आणि घाबरून गिळला. पुन्हा घोट, पुन्हा गिळला. तिसऱ्या घोटाला त्यांनी कसाबसा एक तुषार उडवला. तो त्यांच्याच नव्या कोटावर पडला. बाई सहानुभूतीने म्हणाल्या, "लव्हली!"

मग माझी पाळी. माझं नाही म्हटलं तरी बरं झालं. बायकोच्या औषधाची कृपा!

पण खरा दिवस मास्तरांचा होता. सगळा जन्म काथ्याच्या धुळीत गेलेला माणूस! त्यांनी कंबरेवर हात ठेवले, मान मागे टाकली आणि बेंबीच्या देठापासून असा काही आवाज काढला की आत चालू असलेला एक माग बंद पडला. "खाऽऽऽक्..." आणि मग जे निघालं ते गुच्छावरून, गाडीवरून, झाडावरच्या 'येथे थुंकू नये'च्या पाटीला घासून थेट पलीकडच्या खड्ड्यात! बाईंनी गुच्छ काखेत मारून टाळ्या वाजवल्या. त्यांच्या टाळ्या ऐकून विणकरांना स्फुरण चढलं. मग रांगेने जो कार्यक्रम झाला, त्याचं वर्णन मी करत नाही. वॉचमन भिंतीकडे तोंड करून रडत होता, एवढंच सांगतो.

आत जाताना बाईंनी जिन्यावरच्या पाटीकडे बोट दाखवलं. "यावर काय लिहिलंय?"

"येथे थुंकू नये, असं," मी सांगितलं.

"ओह! म्हणजे फक्त फाटकावर! किती शिस्त!" बाई भारावून म्हणाल्या.

मलाही ऐकून अभिमान वाटला.

केबिनमध्ये चहा आला. बाईंनी रेनकोट उतरवला, चष्मा काढला. आता दिसल्या त्या साध्या, हसऱ्या चेहऱ्याच्या. मावशीच म्हणावं अशा. एक घोट घेऊन त्यांनी विचारलं, "येण्याआधी मी तुमच्या भागाबद्दल बरंच वाचलं, पण या पद्धतीचा उल्लेख कुठेच सापडला नाही. ही कधीपासूनची?"

"कुठली?" मालक.

"थुंकून स्वागत करायची."

मालकांचा कप बशीवर खडखडला. "आमची? बाई, ती तर तुमची!"

"माझी? मी तर जन्मात कुणासमोर थुंकले नाही! तुमच्या पत्रात होतं ना! फाटकावर लिहिलंय, पायपुसण्यावर लिहिलंय! म्हणून मी बिचारी तीन दिवस आरशासमोर सराव करून आले!"

मालक सावकाश, तोफ वळावी तसे, माझ्याकडे वळले.

"डिक्शनरी. एक्स्पेक्टोरेट म्हणजे काय?"

"आदराने वाट पाहणे, साहेब," मी म्हणालो. पण माझा आवाज बाटलीच्या तळातून आल्यासारखा येत होता. कफ एक्स्पेक्टोरंट! छातीतला कफ! आत्ता कुठे सगळं लख्ख दिसायला लागलं.

बाईंच्या खांद्यांना हादरे बसायला लागले. मला वाटलं, रडतायत. पण त्या हसत होत्या! अशा हसत होत्या की चहा नाकात गेला, ठसका लागला. आणि त्या ठसक्यातून त्या ओरडल्या, "थांबा! आता मी खरंच एक्स्पेक्टोरेट करीन!"

जरा शांत झाल्यावर त्यांनी डोळे पुसत सांगितलं, "माझे वडील छातीचे डॉक्टर. हा शब्द आमच्या घरात लहानपणापासून! लॅटिनमधून आलाय. 'एक्स' म्हणजे बाहेर आणि 'पेक्टस' म्हणजे छाती. जे काही छातीत असेल ते बाहेर काढणे. पुढे सभ्य लोकांना 'थुंकणे' म्हणायची लाज वाटली, म्हणून त्यांनी हा डॉक्टरी शब्द उचलला. थुंकणाऱ्याला थुंकला म्हणायचं नसलं, कागदावर सोज्वळ लिहायचं असलं की हा वापरतात."

"आणि एक्स्पेक्ट?" मी चाचरत विचारलं. खड्ड्यात पडलोच होतो, तळ तरी बघावा!

"त्याचं कूळच वेगळं. त्यातला 'स्पेक्ट' म्हणजे बघणे. बाहेर बघत राहणे, म्हणजे एक्स्पेक्ट."

"अरे! म्हणजे आमचंच की!" मी सगळं विसरून खुर्चीच्या टोकावर आलो. "आम्ही 'वाट पाहतो' म्हणतो. रस्त्याकडे बघत राहायचं! तुम्ही बाहेर बघता, आम्ही वाट बघतो!"

"बरोबर!" बाईंनाही मजा वाटली. "पण मग तुम्ही ते दुसरं का लिहिलंत?"

मी माझा शेपटीचा सिद्धांत सांगितला. यूज, युटिलाइज, मेडिसिन, मेडिकेशन, सगळं! सांगताना मालकांकडे बघायची हिंमत नव्हती. त्यांच्या बोटांचा मात्र टेबलावर तबला चालला होता. बाईंनी सगळं अगदी गंभीरपणे ऐकून घेतलं.

"सिद्धांत चूक आहे," त्या म्हणाल्या, "पण असायला हवा होता."

मालक उठले. "बाई, मी हात जोडून माफी मागतो. फलक आत्ता उतरवतो. ते पायपुसणं आत्ता जाळतो. आणि या गृहस्थांना..."

"पायपुसण्याला हात लावायचा नाही!" बाईंनी टेबलावर थाप मारली. "तेच हवंय मला! हेच, अशीच अक्षरं! माझ्या दुकानांत 'वेलकम'ची पायपुसणी कुणी ढुंकून बघत नाही. हे दारात दिसलं तर माणूस थांबेल, वाचेल, हसेल आणि घेऊन जाईल! बोला, किती दिवसांत किती देता?"

मालक उभे होते ते मटकन बसले. मला हाकलण्यासाठी उचललेलं बोट त्यांनी तसंच अधांतरी ठेवलं आणि मग हळूच त्याच बोटाने मला बसायची खूण केली.

त्याच आठवड्यात बंद माग सुरू झाले. कट्ट्यावरचे विणकर आत आले. मास्तरांनी प्रत्येक पायपुसण्यावरचं अक्षर न् अक्षर स्वतः तपासलं. बायकोला हे सगळं सांगितलं तेव्हा ती जमिनीवर बसून हसली. मग उठून फडताळातली ती बाटली माझ्या टेबलावर आणून ठेवली. "राहू दे समोर. मान असतो."

माल परदेशात हातोहात खपला. बाईंचा फोन आला, "आता दुसरं वाक्य हवं! तुमच्या डिक्शनरीला सांगा."

मालकांनी मला स्वतंत्र खोली दिली, पंखा दिला, खिडकीपाशी टेबल दिलं आणि खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बसा आणि चुका!"

जगात कुठल्या नोकरदाराला असा हुकूम मिळाला असेल? मी जिद्दीने बसलो. पण माझं काय झालं होतं की त्या दिवसापासून मी धसका घेऊन प्रत्येक शब्दाचा अर्थ, मूळ, उपयोग, सगळं वाचायला लागलो होतो. चूक करायला जावं तर हात अडायचा. वाक्य वाकडं करायला जावं तर सरळ व्हायचं. तरीही डोकं फोडून दहाबारा ओळी काढल्या आणि पाठवल्या.

बाईंचा फोन आला. मालकांनी तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला. बाई खिन्न आवाजात म्हणाल्या, "मला फार वाईट वाटतं सांगायला. सगळं बरोबर आहे."

मालक माझ्याकडे बघून फुत्कारले, "एवढी एकच गोष्ट तुम्हाला मनापासून येत होती. तीही अभ्यास करून घालवलीत!" मग मला बाजूला सारून त्यांनी स्वतःच बाईंना धीर दिला. त्यांना म्हणायचं होतं, तुमची ऑर्डर आम्ही ताबडतोब पूर्ण करू. भारदस्त शब्द त्यांनीही शोधला होता, पण घाईत 'ऑर्डर' तेवढी गिळली.

"डोन्ट वरी, मॅडम! वुई विल एक्झिक्यूट यू इमिजिएटली!"

म्हणजे, बाई, काळजी नको, तुम्हाला आम्ही ताबडतोब फासावर चढवू!

पलीकडून तो ओळखीचा ठसका ऐकू आला.

बाईंनी तेच वाक्य छापून मागवलं आणि ते पायपुसणं पहिल्यापेक्षा जास्त खपतंय. मालकांची समजूत अशी की चुकांना कंटाळून बाईंनी शेवटी एक शुद्ध, भारदस्त वाक्य निवडलं. भेटेल त्याला ते अभिमानाने सांगतात आणि त्यातलं एक त्यांनी आपल्या केबिनच्या दारातही टाकलंय. मी रोज सकाळी त्यावर नीट पाय पुसतो, आत जातो आणि 'गुड मॉर्निंग' म्हणतो. एवढं इंग्रजी मला अजून खात्रीने येतं.